अजून न आलेली अक्षरं

शिक्षकांना शिकवणं हे मुलांना शिकवण्यापेक्षा दसपट अवघड काम आहे. गेली बावीस वर्षं मी ते करतेय, तेव्हा हे म्हणायचा मला हक्क आहे. मुलं निदान तोंड उघडून जांभई देतात. शिक्षक जांभई गिळतात आणि डोळ्यांत आलेल्या पाण्यासकट आपल्याकडे असे बघतात, की आपल्यालाच वाटावं, काय बोललो आपण.

त्या वेळचं प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं. विषय नेहमीचाच, पहिलीच्या मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवायचं. एक लांबट हॉल, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, चार्टपेपरची भेंडोळी, निम्मे वाळलेले स्केचपेन आणि दर दीड तासानं येणारा कोमट चहा. यादीत चाळीस नावं होती. माझ्यासाठी मात्र ते प्रशिक्षण नेहमीचं नव्हतं, कारण शेवटच्या दिवशी संचालक येणार होते. माझी पद्धत पुस्तिका होऊन सगळ्या शाळांत जायची होती. मजकूर छापखान्यात पोचला होता, फक्त त्यांची सही बाकी होती. मुखपृष्ठावर कागदाच्या पट्टीचं चित्र होतं आणि त्या पट्टीवर तीन शब्द, 'मामा घरी आला'.

पद्धत सोपी आहे. मूल बोलतं, बाई ते पट्टीवर लिहितात, मूल स्वतःचंच वाक्य वाचतं. अट एकच, वाक्यात फक्त शिकवून झालेली अक्षरं हवीत. मी पहिल्या गटात क, म, ल, घ, र, आ एवढीच अक्षरं घेते, सोबत काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यावर पोराला महिन्याभरात आख्खं वाक्य वाचता येतं. जे शिकवलं नाही त्याला आम्ही 'अजून न आलेलं अक्षर' म्हणतो. पाहुणे अजून आले नाहीत म्हणतो, तसं.

पहिल्या दिवशी मी नेहमी एक गोष्ट सांगते. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. चालताना भिंतीला बोट लावून, कडेकडेनं जायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. एका सकाळी मी तिला विचारलं, "तुला काय सांगायचंय?" ती म्हणाली, "मामा घरी आला." सगळी अक्षरं आलेली. मी लिहिलं, तिनं बोट ठेवून वाचलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. इथे मी थोडी थांबते. मग सांगते, की त्याच दुपारी शाळेची मागची भिंत पडली आणि मुंगी गेली. ते पहिलं वाक्य तेवढं राहिलं.

हॉलमध्ये तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येते. या वेळीही तसंच झालं. जांभया देणारे सरसावून बसले, दोघीतिघींनी डोळे पुसले, आणि ते जांभईचं पाणी नव्हतं. माझी पद्धत लोकांच्या मनात या गोष्टीनं उतरवली हे मला पक्कं ठाऊक होतं. ती मी फार छान सांगते असं सगळे म्हणत.

दुपारी जोड्यांचं काम होतं. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं बाई, मग उलट. सगळीकडे खिदळणं सुरू झालं. पन्नाशीचे बाप्ये बोबडं बोलत होते. निवृत्तीला आलेले एक सर होते, सारखे कोट्या करायचे म्हणून पहिल्या चहालाच त्यांचं नाव गमत्या सर पडलं होतं. ते माझ्याकडे आले.

"मॅडम, माझी जोडीदारीण भलतीच मन लावून पहिलीत बसलीय," ते म्हणाले. "मी म्हटलं, लिही, आज सकाळी माझी बस चुकली. तर एक अक्षर लिहिते, तीन चौकोन काढते. विचारलं, हे काय? तर म्हणते, ही अक्षरं अजून आली नाहीत."

"चांगलं आहे की," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलंय तिनं."

मी तिच्याकडे पाहिलं. हॉलच्या टोकाला, भिंतीला खुर्ची लावून बसली होती. तिशीची असेल, राखाडी कपडे, केस घट्ट मागे बांधलेले. चेहरा असा, की नजर वळवली की पुसला जावा. मी मनात म्हटलं, असतात अशा, प्रशिक्षणात नाटकाची हौस भागवून घेणाऱ्या. संध्याकाळी हजेरीचा कागद मोजला तर सह्या एक्केचाळीस भरल्या. शेवटची सही म्हणजे नुसतं 'मी' होतं. कार्यालयानं आयत्या वेळी कुणाला तरी पाठवलं असणार आणि मला कळवलं नसणार, ते त्यांच्या रीतीला धरूनच होतं. मी कागद फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं स्वतःच्या मनातलं एक वाक्य पट्टीवर लिहून दोरीला लावायचं होतं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मी एकेक पट्टी लावत होते. कुणी लिहिलं होतं 'माझी मुलगी आज बोलली', कुणी 'मला झोप येते', ते अर्थात गमत्या सरांचं. आणि मग एक पट्टी हातात आली, तिच्यावर वाक्य नव्हतंच. दोन चौकोन होते. मग थोडी जागा सोडलेली. मग एक चौकोन, मग ल, मग पुन्हा एक चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ होती.

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

ते चौकोन नव्हते, खिडक्या होत्या. माझ्या त्या पहिल्या वर्गात मी मुलांना सांगितलं होतं, की जे अक्षर अजून आलं नाही त्याच्या जागी खिडकी काढायची. एक दिवस ते अक्षर येईल आणि खिडकीतून आत डोकावेल. पोरांना ते फार आवडलं होतं. ही युक्ती मी जेमतेम तीन महिने वापरली. भिंत पडली त्यानंतर ती मी कधीच कुणाला सांगितली नाही, टिपणात लिहिली नाही, पुस्तिकेत तर नाहीच नाही. खिडक्या माहीत असलेली माणसं जगात फक्त त्या वर्गातली तेवीस मुलं होती.

मग मला जरा बरं वाटलं. तेवीसमधली एखादी पोर मोठी होऊन शिक्षिका झाली असेल, आणि मला ओळखून आली असेल. वय तर जुळत होतं. चहाच्या सुट्टीत मी दोन कप घेऊन तिच्याकडे गेले. जवळ गेल्यावर वास आला, ओल्या चुन्याचा, नुकतं प्लास्टर केलेल्या घरात येतो तो.

"कुठल्या शाळेत आहात?" मी विचारलं.

"दोन खोल्यांची आहे," ती म्हणाली.

"वर्ग कुठला?"

"पहिली."

"किती वर्षं झाली?"

"पहिलीच," ती पुन्हा म्हणाली. तिला प्रश्न कळला नसावा असं मला वाटलं. कळला होता, हे आता समजतं.

मी कप पुढे केला. तिनं घेतला नाही. तिचा डावा हात भिंतीवर होता आणि एक बोट प्लास्टरच्या बारीक भेगेवरून हळूहळू वर जात होतं.

"तू माझ्या वर्गात होतीस का गं?" मी धीर करून विचारलं.

"आहे ना, बाई," ती म्हणाली.

प्रशिक्षणात मला सगळे मॅडम म्हणतात. बाई म्हणणारं कुणी उरलेलं नाही. मी तो कप तिथेच जमिनीवर ठेवला आणि परत येऊन चार्टपेपर कापत बसले, नको असलेले कागदसुद्धा कापले.

तिसरा दिवस मी कसा काढला ते विचारू नका. बोलत होते, फळ्यावर लिहीत होते, प्रश्नांना उत्तरं देत होते. बावीस वर्षांच्या सवयीनं तोंड चालत राहतं. तिच्या बाजूला मी पाहत नव्हते, पण पाठ वळवली की भिंतीवरून बोट फिरल्याचा आवाज यायचा. बाकीच्यांना तिचं काहीच वाटत नव्हतं. ती जवळून जाताना लोक पाय आवरून घ्यायचे, गमत्या सर तिला गोष्टी सांगायचे आणि ती ऐकायची. एकदा ते मला म्हणाले, "बिचारीला काहीतरी लिहायचंय मॅडम, पण अडलंय तिचं." मी म्हटलं, बघते.

आता खरं सांगते. इतकी वर्षं जी गोष्ट सांगत आले ती खोटी आहे.

त्या सकाळी अकरा वाजता एक मोठे अधिकारी वर्ग बघायला येणार होते. मी नवी होते, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, आणि माझी पद्धत त्यांच्या नजरेत भरावी म्हणून जिवाचं रान करत होते. मुंगी माझ्याजवळ आली, तिच्या हातात तिनंच लिहिलेली पट्टी होती. दोन खिडक्या, जागा, खिडकी, ल, खिडकी. मी विचारलं, काय आहे हे? ती म्हणाली, "बाई, भिंत हलते."

भिंतीला रोज बोट लावून चालणारी पोर ती. तिला कळणार नाही तर कुणाला कळणार. पण मी भिंतीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मला फक्त खिडक्या दिसल्या. पाच जागांत चार खिडक्या. साहेबांसमोर असली पट्टी लावायची, म्हणजे पोरांना काही येत नाही असंच दिसणार. मी म्हटलं, "ही अक्षरं अजून आली नाहीत ना आपली? दुसरं काहीतरी सांग. घरी कोण येतं तुझ्या?" ती म्हणाली, "कुणी नाही." मी म्हटलं, "मामा येत असेल. म्हण बरं, मामा घरी आला." ती गप्प राहिली. मी पुन्हा म्हटलं, जरा आवाज चढवून. मग ती म्हणाली. शहाणी पोर होती, बाईंना हवं ते बोलली.

तिची पट्टी मी चुरगाळून टोपलीत टाकली आणि नव्या पट्टीवर मामाचं वाक्य लिहिलं. अधिकारी आले, मुंगीनं छान वाचलं, टाळ्या झाल्या. ती पट्टी मी मानानं मागच्या भिंतीवर लावली आणि बक्षीस म्हणून मुंगीला तिच्याखाली बसवलं, दुपारभर गिरवायला. अडीच वाजता भिंत पडली. पट्टी विटांवर वरच राहिली होती, एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

चौकशीत विचारलं, आधी कुणाच्या काही लक्षात आलं होतं का. मी नाही म्हटलं. आठवड्यानं मुंगीची आई शाळेत आली. एकटी बाई, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घर चालवायची, लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, त्या दिवशी माझी पोर काय बोलली? मी ती पट्टी तिच्या हातात दिली आणि वाचून दाखवली. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण बाई, मला भाऊ नाही." मी म्हटलं, मुलं काय, मनानं काहीही सांगतात. तिनं पट्टीची घडी केली आणि गेली. त्यानंतर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. चार वर्षांनी मी प्रशिक्षक झाले, आणि ते वाक्य माझ्याबरोबर सगळीकडे आलं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. ती जागेवरच होती. मी वाळूचं ताट घेतलं, पहिलीच्या मुलांना बोटानं अक्षर काढायला देतो ते, आणि तिच्यासमोर जाऊन बसले. पळून जावं असं वाटत होतं, ते लपवत नाही. पण शिकायला आलेल्या पोराला मी आजवर परत पाठवलेलं नाही, त्या एकीला सोडून.

"कुठलं अक्षर हवंय?" मी विचारलं.

तिनं तिची पट्टी काढली आणि पहिल्या खिडकीवर बोट ठेवलं.

मी वाळूत भ काढला. तिनं पाहिला. मग मी पहिलीत करतात तसंच केलं, तिचा हात हातात घेऊन गिरवून घेतला. तिशीच्या बाईचा हात होता, मी डोळ्यांनी बघत होते, पण माझ्या मुठीत तो आख्खा मावला. गार होता आणि खरखरीत. बोटाच्या टोकातून वाळूत पांढरी पूड पडत होती. तीनदा गिरवलं. चौथ्यांदा तिनं एकटीनं काढला, आणि त्याच क्षणी तिच्यामागच्या भिंतीत, आत खोलवर, काहीतरी कर्रकन वाजलं.

"बाई, पुढचं," ती म्हणाली.

पहिली वेलांटी दिली. भिंत वाजली. वरचं टिंब दिलं. प्लास्टरचा एक पापुद्रा सुटून माझ्या खांद्यावर पडला. त शिकवताना भेग तिच्या डोक्यावरून छताकडे गेलेली मला दिसत होती. उठ आणि पळ, असं माझं सगळं अंग ओरडत होतं. बाहेर व्हरांड्यात गमत्या सर कुणाला तरी हसवत होते, त्यांचा आवाज अगदी स्पष्ट येत होता. मी भिंतीकडे पाहिलं. या वेळी नीट, मान वर करून, तळापासून छतापर्यंत पाहिलं.

"हलते गं," मी म्हटलं. "खरंच हलते."

"मग?" ती म्हणाली.

"मग चल, आपण खुर्च्या इकडे मधे घेऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. एवढं साधं होतं ते. तेव्हाही एवढंच करायचं होतं, खुर्ची मधे घ्यायची होती. आम्ही दोघींनी खुर्च्या आणि ताट उचलून हॉलच्या मध्यावर नेलं. तिथे मी तिला ह दिला आणि शेवटी मात्रा दिली. आता भिंत वाजत नव्हती.

तिनं स्केचपेन घेतलं आणि पट्टी पालथी करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. जीभ जरा बाहेर काढून, एकेका अक्षराला वेळ देत. मग बोट ठेवून वाचलं, "भिंत. हलते." आवाज सहा वर्षांच्या मुलीचा होता. तो माझ्या ओळखीचा होता.

"छान," मी म्हटलं.

तिनं पट्टी माझ्या हातात दिली. "आईला दाखवा," ती म्हणाली. "तिला वाचता येत नाही. तुम्ही वाचा."

लोक जेवून परत यायला लागले. माझं लक्ष दाराकडे गेलं तेवढ्यात ती उठली असावी. गमत्या सर हात पुसत आले आणि म्हणाले, "माझी जोडीदारीण निघाली मॅडम. दारात भेटली. फार खुशीत होती, म्हणाली, अक्षरं आली." मी सगळ्यांना लगेच मैदानात काढलं आणि बांधकामाच्या माणसाला बोलावलं. त्यानं भिंत ठोकून पाहिली, भेगेत सळई घालून पाहिली. म्हणाला, भेग वरवरची आहे, भिंत अजून शंभर वर्षं हलायची नाही. शिक्षकांना माझ्या घाबरटपणाची गंमत वाटली. मला नाही वाटली.

पाचव्या दिवशी हजेरीत चाळीस सह्या होत्या. संचालक वेळेवर आले, पेन खिशातून काढूनच बसले. मी उभी राहिले आणि मुंगीची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी झाली तशी. कुणी डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं, सगळे आपापल्या वह्यांत बघत होते. संचालक मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहो मॅडम, पद्धत चांगलीच आहे की. एका वाक्यानं काय होतंय? मुखपृष्ठ बदलू हवं तर." मी म्हटलं, चूक वाक्यात नाही, अटीत आहे, सही करू नका. ते चिडले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पुस्तिका थांबली. बावीस वर्षांचं काम होतं, वाईट वाटलं, खूप वाटलं. पण माझं लक्ष त्या वेळी दुसरीकडेच होतं. आईला दाखवा, असं ती म्हणाली होती.

तिथून मी थेट त्या गल्लीत गेले. घर तेच होतं, खालच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, दोरीवर दुसऱ्यांचे शर्ट. मुंगीची आई साठीची झाली होती. तिनं मला लगेच ओळखलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"बसा, बाई."

मी बसले नाही. म्हटलं, "तुमच्या मुलीचं खरं वाक्य आणलंय. मागचं मी खोटं दिलं होतं." आणि पट्टी वाचली. मग सगळं सांगितलं, साहेब, खिडक्या, टोपली, मामा. ती बोटं टेबलावर दाबून ऐकत होती. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे मामा आला असं ती बोललीच नाही?" तिनं विचारलं.

"नाही. मी बोलायला लावलं."

ती खाली बसली. मग तिनं दाराबाहेर बोट केलं. समोर एक बंद दुकान होतं, फळ्यांवर धूळ, वर कात्रीचं पुसट चित्र.

"तिथे शिंपी होता," ती म्हणाली. "गल्लीतली सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. मी दिवसभर कामाला. माझ्यामागे माझ्या घरात हा कशाला येत होता, ते मी त्याला भर रस्त्यात विचारलं. तो शपथा घ्यायला लागला. मी ती पट्टी लोकांना दाखवली. माझ्या मेलेल्या पोरीचे शब्द होते, बाई, कोण खोटं म्हणणार? त्याच्याकडे कुणी कापड देईना. पोरं दगड मारायची. वर्षभरात दुकान बंद झालं. चार वर्षांमागे गेला तो. शेवटपर्यंत दाराबाहेर आला नाही."

त्या तीन शब्दांतलं प्रत्येक अक्षर मी निवडून घेतलं होतं, शिकवून झालेलं होतं म्हणून.

ती उठली. पायात चपला घातल्या. "बायको आहे त्याची वर," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मी तो रस्ता ओलांडला नाही. चला. तिला वाचून दाखवा."

आम्ही रस्ता ओलांडला. दुकानाच्या बाजूनं अरुंद जिना होता. मुंगीच्या आईनं दार वाजवलं आणि ती माझ्यामागे जाऊन उभी राहिली. फार वेळानं एका म्हातारीनं दार अर्धवट उघडलं. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं, आणि दार तसंच धरून ठेवलं. मी पट्टी वाचली. मागची पट्टी खोटी होती हेही सांगितलं. मुलीनं मामाचं नावही घेतलं नव्हतं, असं सांगितलं.

म्हातारीनं कानाला हात लावला. "जरा मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं."

मी सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. खालच्या रस्त्यावर जाणारे दोघेजण थांबले.

"मग ते मामाचं कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"कोणी?"

मला ते पुन्हा, अजून मोठ्यानं सांगावं लागलं.